साताऱ्याहून पोरांना विज्ञान केंद्र दाखवायला न्यायचंय? आधी अंदाज, मग बटण

मे महिना लागला की आमच्या गल्लीत एकच विषय, पोरांना न्यायचं कुठं. अजिंक्यतारा रोज डोळ्यासमोर आहे, कास आणि ठोसेघरची मजा पावसात, महाबळेश्वरला सुट्टीत गाडी लावायला जागा नसते, आणि बाहेर ऊन असं की दुपारी बारानंतर पोरं चिडचिड करायला लागतात. म्हणून आम्ही विज्ञान केंद्राची वाट धरली, आत्तापर्यंत तीन वेळा जाऊन आलोय, आणि आता शेजारणी मलाच विचारतात की कसं गेलात, काय न्यायचं, म्हातारं माणूस बरोबर असलं तर जमतं का. प्रत्येकीला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा सगळं नीट लिहूनच काढते.

मी घरी शिवणकाम करते, माझं विज्ञान दहावीपर्यंतचं. त्यामुळं हे सगळं आईच्या नजरेतून आहे. आमच्या घरातनं पाच जण जातो, आम्ही दोघं, थोरला आठवीत, धाकटी तिसरीत, आणि माझ्या सासूबाई, त्यांना मी आत्या म्हणते.

पहिल्या खेपेला काय झालं ते आधी सांगते, कारण बहुतेकांचं तसंच होतं. आत शिरल्या शिरल्या दोन्ही पोरं सुटलीच, दिसेल ते बटण दाबायचं, दाबलं की पुढच्याकडं पळायचं, आम्ही दोघं त्यांच्या मागं "अरे थांब, वाच तरी काय लिहिलंय ते" करत. दोन तासात सगळा हॉल संपला. परत येताना एसटीत विचारलं काय आवडलं, तर धाकटी म्हणाली वडापाव. मला फार वाईट वाटलं तेव्हा. पैसे गेले त्याचं काही नाही, पण इतक्या चांगल्या वस्तू कोणीतरी जीव लावून बनवलेल्या, आणि आमच्या हाताला त्यातलं काहीच लागलं नाही. मग पुढच्या दोन खेपांना आम्ही पद्धत बदलली, आणि खरं सांगायचं तर सगळं गुपित एकाच गोष्टीत आहे. बटण दाबायच्या आधी प्रत्येकानं मोठ्यानं सांगायचं की आता काय होईल. अंदाज चुकला तर फारच उत्तम. बाकी तयारी या एका गोष्टीला वेळ मिळावा म्हणूनच करायची.

कुठलं केंद्र निवडायचं

साताऱ्याहून एका दिवसात जाऊन यायचं असेल तर चिंचवडचं सायन्स पार्क सोयीचं. ऑटो क्लस्टरजवळ आहे, पिंपरी-चिंचवड महापालिकेनं राष्ट्रीय विज्ञान संग्रहालय परिषदेच्या मदतीनं उभारलेलं, २०१३ साली सुरू झालं. आत दालनं, बाहेर बागेत मोठी उपकरणं, आणि शेजारी तारांगण.

मुंबईला कोणी नातेवाईक असतील आणि मुक्काम होणार असेल तर वरळीचं नेहरू विज्ञान केंद्र, ते १९८५ चं, आणि आकारानं इतकं मोठं की एका दिवसात पुरं बघायचा विचारच करू नका. तिथं दोन दालनं ठरवायची आणि बाकी पुढच्या वेळेला ठेवायचं. पुण्यात आयुका म्हणून खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिच्या आवारात मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे, पद्मश्री अरविंद गुप्तांनी टाकाऊतून खेळणी बनवायचं काम कितीतरी वर्षं तिथंच केलं. पण ते तिकीट काढून सरळ आत जायचं ठिकाण नव्हे, शाळेतर्फे किंवा त्यांचा कार्यक्रम असेल तेव्हा आधी विचारून जायचं. २८ फेब्रुवारीला राष्ट्रीय विज्ञान दिन असतो, त्या दिवशी आयुका सगळ्यांना खुलं ठेवतात, तेवढं लक्षात ठेवा.

एक फरक घरच्यांना आधीच समजावून सांगा. म्युझियम म्हटलं की आपल्या डोक्यात काचेचं कपाट आणि "हात लावू नये" ची पाटी येते. इथं उलटं आहे, हात लावायलाच बोलावलंय. ही पद्धत जगभर पसरली ती सॅन फ्रान्सिस्कोच्या एक्स्प्लोरेटोरियममुळं, ते फ्रँक ओपनहायमर नावाच्या शास्त्रज्ञानं १९६९ मध्ये काढलं. आमच्या आत्या पहिल्यांदा हात मागं बांधूनच फिरत होत्या. "मोडलं बिडलं तर भरून द्यावं लागंल" असं म्हणत होत्या. त्यांना आधीच सांगायला पाहिजे होतं.

दिवस कुठला

रविवार टाळता आला तर टाळा, शनिवार बरा. डिसेंबर-जानेवारीत शाळांच्या सहली असतात, त्या साधारण अकरा ते दुपारी दोन असतात, आणि एकदम दोन-तीनशे पोरं आत आली की एकेका उपकरणाला वीस सेकंद मिळतात, मग अंदाज-बिंदाज काही होत नाही. मला स्वतःला जुलै-ऑगस्टचा शनिवार सगळ्यात आवडतो, बाहेर पाऊस, आत निवांत. निघायच्या आदल्या दिवशी केंद्राला फोन करून तीन गोष्टी विचाराच, उद्या चालू आहे ना, तारांगणाचा मराठी शो किती वाजता, आणि कोणाची मोठी सहल येणार आहे का. शेवटचा प्रश्न कोणी विचारत नाही पण ते सांगतात.

दोन दिवस आधी घरी

मोबाईलवर त्या केंद्राचे व्हिडिओ पोरांना दाखवू नका. थोरल्यानं दुसऱ्या खेपेला आधीच सगळं बघून ठेवलेलं, मग प्रत्येक ठिकाणी "मला माहितीय, आता बॉल वर तरंगणार" आणि धाकटीची पण मजा गेली. त्यापेक्षा घरात एखादा प्रश्न सोडून द्यायचा. आम्ही विचारलेला, सकाळी स्टीलचा डबा आणि लाकडी पोळपाट दोन्ही ओट्यावर रात्रभर शेजारी शेजारी होते, मग हाताला डबाच गार का लागतो? उत्तर द्यायचं नाही. दोन्ही सारखेच गार असतात, धातू हातातली उष्णता भराभर ओढून घेतो म्हणून तसं लागतं, पण हे आपल्यालाच माहीत ठेवायचं आणि पोरांना चर्चा करू द्यायची.

पिशवीत काय घ्यायचं तर दहा रुपयाची छोटी वही आणि पेन्सिल, प्रत्येकाला एक रुमाल, पाण्याची बाटली, आणि तारांगणात एसी असतो म्हणून लहानाला एक स्वेटर. दोन चिंध्या घ्या, एक लाल आणि एक हिरवी, त्या कशाला ते पुढं सांगते. खायला आम्ही धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी नेतो, दालनात खाता येत नाही, बाहेर बसून खायचं.

कपड्यांचं शिवणकाम करणारी म्हणून मुद्दाम सांगते. फिरणारी चाकं, दोऱ्या, कप्प्या असतात, तर लोंबती ओढणी नको, मुलींचे केस बांधलेले असावेत, साडी असेल तर पदर खोचून पिन लावा. आत्या नऊवारी नेसतात, त्यांना काहीच अडचण आली नाही. चपला मागं पट्टा असलेल्या घाला कारण काही ठिकाणी फिरत्या खुर्चीवर किंवा तिरक्या फळीवर चढायचं असतं.

जायचं कसं

गाडी असेल तर हायवेनं सरळ पुणे, अंतर साधारण ११० किलोमीटर, पुढं चिंचवडला आणखी थोडं. जाताना खंबाटकीचा बोगदा लागतो, येताना घाट, तर गाडी लागणारं पोर असेल तर येताना त्याला खिडकी द्या आणि पोटभर खायला घालून बसवू नका. कात्रजचा बोगदा संपला की नवले पुलाच्या आसपास गर्दी ठरलेली, साडेआठच्या आत तिथून निसटलात तर बरं.

पण मी म्हणेन एसटीनंच जा. पहाटे साडेपाच-सहाची गाडी साताऱ्याच्या स्टँडवरून पकडायची, स्वारगेटला उतरायचं, आणि तिथंच मेट्रो. सप्टेंबर २०२४ पासून स्वारगेट ते पीसीएमसी, म्हणजे पिंपरी-चिंचवड महापालिका, सरळ मेट्रो आहे, मध्ये बदलायला लागत नाही, शेवटच्या स्टेशनला उतरून रिक्षा केली की झालं. पोरांसाठी सहलीची सुरुवात तिथंच होते. स्वारगेट, मंडई, कसबा पेठ सगळं जमिनीखालून, सिव्हिल कोर्टचं स्टेशन तर जवळपास ३३ मीटर खोल, आणि मग शिवाजीनगर सोडलं की गाडी एकदम उजेडात वर येते. धाकटीला त्याआधी विचारा कानाला काही वाटतंय का.

खर्चाचं म्हणाल तर एसटीत महिलांना अर्धं तिकीट, ५ ते १२ वयाच्या पोरांना अर्धं, ६५ ते ७५ मधल्यांना अर्धं आणि ७५ च्या पुढं फुकट, म्हणून आधार कार्ड बरोबर ठेवा. आमच्यात पूर्ण तिकीट फक्त दोघांचं लागतं, यांचं आणि थोरल्याचं.

दारात पोचल्यावर

तिकीट काढताना आधी तारांगणाची वेळ पक्की करा आणि मग बाकीचा दिवस त्याभोवती बसवा, कारण शो सुरू झाल्यावर आत सोडत नाहीत. थ्री-डी शो, प्रात्यक्षिकं असं काही असेल तर त्याच्या पण वेळा विचारून वहीत लिहा. सगळं घेतलंच पाहिजे असं नाही. तारांगण आणि एक प्रात्यक्षिक, एवढंच, नाहीतर दिवसभर घड्याळ बघत नुसतं एका दारातून दुसऱ्या दारात.

मग बाथरूम. मग एक खूण ठरवा, "कोणी हरवलं तर या खांबापाशी यायचं", आणि लहानाच्या खिशात फोन नंबरची चिठ्ठी. आत अंधारी दालनं असतात आणि आरसे असतात, पोरगं चुकतंच.

तब्येतीचं एक महत्त्वाचं. कोणाला पेसमेकर बसवलेला असेल तर जोरदार लोहचुंबक, आत विजेच्या रेघा नाचणारा काचेचा प्लाझ्मा गोळा, केस उभे करणारं व्हॅन डी ग्राफचं यंत्र, कडकड ठिणग्या पाडणारी कॉइल, यांच्यापासून लांब उभं राहायचं, आणि तिथल्या ताईंना-दादांना आधीच सांगून ठेवायचं. फिट येणाऱ्यांनी आणि अर्धशिशीवाल्यांनी लुकलुकत्या लाईटच्या दालनात जाऊ नये. रक्तदाब असणाऱ्यांनी फिरत्या खुर्चीवर बसू नये, बघण्यात पण तेवढीच गंमत आहे.

आत: पहिली पंधरा मिनिटं मोकळं सोडा

पोरांना एकदम अडवलंत तर ती ऐकत नाहीत. पंधरा मिनिटं हुंदडू दे, दाबू दे बटणं, तुम्ही फक्त लक्ष ठेवा कुठल्या वस्तूपाशी ते परत येतात. थोरला दोनदा वळून आला तो एका फिरत्या चाकांच्या शर्यतीपाशी. तिथून सुरू करायचं.

त्याचं सविस्तर सांगते, कारण त्यावरून बाकी सगळं कसं बघायचं ते कळेल. एक उतरती पट्टी, आणि दोन चाकं, आकार सारखा, वजन सारखं, फक्त एकाच्या मधोमध वजन बसवलेलं आणि दुसऱ्याच्या कडेला. दोन्ही एकदम सोडायची, आधी कोण खाली पोचेल? हे म्हणाले दोन्ही एकदम, वजन सारखंच आहे ना. थोरला म्हणाला कडेचं, त्याला जोर जास्त असणार. धाकटीनं मधलं सांगितलं, का ते तिला सांगता येईना. आत्या गप्प होत्या. मी म्हटलं आत्या तुम्ही पण सांगा, तर त्या चाक हातात धरून, जरा इकडंतिकडं हलवून म्हणाल्या, "कडंचं मागं राहनार. जात्याचा दगूड बघ, कडंपत्तूर भरल्याला असतुया, सुरू करायला लई जड. एकदा फिरला मग काय न्हाई. पन सुरू व्हायला येळ लावतो."

सोडलं. मधलं पुढं, कडेचं मागं, चांगलं हातभर. थोरला आजीकडं बघतच राहिला. मग पाटी वाचली, तिथं हेच लिहिलेलं, वजन अक्षापासून जितकं लांब तितकं ते फिरायला लावणं अवघड. पाटी आधी वाचली असती तर आत्यांचं जातं बाहेरच आलं नसतं. म्हणून माझं ठाम मत आहे, पाटी शेवटी. आणि म्हाताऱ्या माणसांना बाकावर बसवून "तुम्ही आराम करा" म्हणू नका. कप्पीपाशी त्यांना विहीर आठवते, दोन कप्प्या लावल्या की वजन निम्म्या जोरात उचलतं पण दोरी दुप्पट ओढावी लागते, हे त्यांच्या हाताला लगेच कळतं.

काही वस्तू ज्यांच्यापाशी थांबायलाच पाहिजे

बहुतेक केंद्रांत यातल्या निदान तीन-चार असतात.

हाताची बॅटरी. दोन पत्रे असतात, एक तांब्याचा, दुसरा ॲल्युमिनियमचा नाहीतर जस्ताचा, दोन्हीवर एकेक पंजा ठेवला की मधल्या मीटरचा काटा हलतो. पंजावरचा घाम आणि दोन वेगळे धातू मिळून बॅटरी तयार होते. आमच्या थोरल्याचे हात कोरडे, काटा जेमतेम हलला. रुमाल ओला करून हात पुसायला लावले, काटा चांगला वर गेला. इथं अंदाजाचा खेळ असा घ्या, सगळ्या घरानं हातात हात धरून साखळी केली, एका टोकाचा हात तांब्यावर, दुसऱ्या टोकाचा ॲल्युमिनियमवर, तर काटा वाढेल का कमी होईल? आमच्यातले चौघं म्हणाले वाढेल, माणसं जास्त म्हणजे करंट जास्त. उलट झालं, काटा पार खाली आला, कारण करंटला आता एकाच्या ऐवजी पाच शरीरांतून जावं लागतं आणि वाटेत अडथळा वाढतो. भीती काही नाही, एका साध्या सेलइतका पण दाब नसतो. धाकटी मधूनच हात सोडायची आणि काटा शून्यावर, परत धरायची, परत वर. दहा मिनिटं तेच. करू द्या.

रंगीत सावल्या. लाल, हिरवा, निळा असे तीन दिवे एकाच पांढऱ्या भिंतीवर, तिन्ही मिळून भिंत पांढरी दिसते. मध्ये हात धरा, सावली काळी पडेल का? पडत नाही, निळसर, गुलाबी, पिवळी अशा सावल्या पडतात, कारण लाल दिवा हातानं अडला की तिथं हिरवा आणि निळा उरतो. त्या चिंध्या इथं काढायच्या. बाकीचे दिवे झाकून नुसत्या हिरव्या उजेडात लाल चिंधी धरली की ती काळी दिसते. मला हे बघून अंगावर काटा आला, खरंच, कारण वीस वर्षं मी ब्लाऊजपीसला दोरा मॅच करताना दुकानाच्या दाराबाहेर जाऊन उन्हात बघते, ट्यूबच्या उजेडात दोरा फसवतो हे माहीत होतं, का फसवतो ते त्या भिंतीपाशी कळलं. कापडाला स्वतःचा रंग असतो असं आपण म्हणतो, पण जो उजेड पडतो त्यातलाच काही भाग ते परत पाठवतं. दिव्यात तो रंगच नसेल तर परत काय पाठवणार.

कुजबुजीच्या तबकड्या. दोन मोठ्या वाडग्यासारख्या तबकड्या, हॉलच्या दोन टोकांना एकमेकींकडं तोंड करून, प्रत्येकीसमोर एक कडी. कडीपाशी तोंड नेऊन हळू बोललं तर पलीकडच्या कडीपाशी कान ठेवणाऱ्याला स्पष्ट ऐकू येतं, मधल्या माणसांना काही नाही. तबकडीचा बाक असा असतो की कडीपासून निघालेला आवाज सरळ रेषेत समोर जातो आणि तिकडची तबकडी तो परत एका ठिकाणी गोळा करते. विजापूरचा गोल घुमट बघितला असेल तर तुलना करायला लावा, तिथं आवाज घुमटाच्या गोल भिंतीला धरून फिरतो. आत्यांना एका कानानं कमी येतं, पण त्यांनी इथं नातीचं सगळं ऐकलं, आणि मग त्या पण काहीतरी बोलल्या. धाकटी नुसती हसत होती, काय बोलल्या ते दोघींनी अजून सांगितलं नाही.

हवेत तरंगणारा चेंडू. खालून हवेचा झोत, वर चेंडू. सगळे बघतात आणि जातात. तुम्ही झोत तिरका करता येतो का बघा, चेंडू तरी पडत नाही. चेंडू बाजूला सरकला की हवा त्याच्या अंगाला चिकटून वळते आणि त्यालाच परत झोतात ढकलते. हळूच बोटानं चेंडू बाहेर ओढून बघा, तो ओढ लावतो ते जाणवतं. हे जाणवणं महत्त्वाचं, नुसतं बघणं नाही.

चढावर जाणारा शंकू. दोन पट्ट्या, एका बाजूला जवळ आणि दुसऱ्या बाजूला लांब होत जाणाऱ्या, लांब बाजू उंच. दोन टोकांनी निमुळता, मध्ये जाड असा शंकू खालच्या बाजूला ठेवला तर तो आपला आपण चढावर गडगडत जातो. इथं पोरांना गुडघ्यावर बसवून डोळा पट्टीच्या पातळीला आणायला लावा आणि शंकूच्या बरोब्बर मधल्या बिंदूकडं बघायला सांगा. पट्ट्या फाकत जातात तसा शंकू त्यांच्यामध्ये खाली खाली बसतो, म्हणजे दिसायला चढतोय, पण त्याचा मध्य उतरतोच आहे. हे थोरल्याला चौथ्या वेळेला दिसलं. चार वेळा सोडून बघायला लागला, आणि मागं रांग नव्हती म्हणून जमलं, गर्दी टाळा म्हणते ते याचसाठी.

आरशांच्या खोल्या, आरशांमुळं तळच दिसत नाही अशी अनंत विहीर, प्लाझ्मा गोळा हे पोरांना आपोआप आवडतं, तिथं तुम्हाला काही करावं लागत नाही.

एखादं उपकरण बंद असेल तर चिडू नका, दिवसभर शेकडो हात लागतात, दुरुस्ती चालूच असते. अशा वेळी मी पोरांना विचारते, हे चालू असतं तर काय केलं असतं यानं? कधी कधी चालू उपकरणापेक्षा तिथंच जास्त बोलणं होतं. तिथं मदतीला उभी असलेली मुलं-मुली असतात, बहुतेक कॉलेजची, त्यांच्याशी बोला. दिवसभर तेच तेच सांगून ती दमलेली असतात, पण पोरानं खरा प्रश्न विचारला की खुलतात. एका ताईनं धाकटीला स्वतःहून थांबून रिकामी शिट्टीची नळी हातात दिली होती.

मधली सुट्टी, तारांगण

दीड तास झाला की बाहेर. पोरं नको म्हणतील तरी बाहेर. सावलीत बसून खायचं, आणि तेव्हा वही काढायची, प्रत्येकानं एकच चित्र काढायचं, जे आठवतंय ते. लिहायला लावू नका, शाळा वाटते. जेवणानंतर तारांगण ठेवलंत तर अंधार आणि गार हवा, लहान पोरं झोपतात, आमची झोपली, म्हणून आता आम्ही तारांगण जेवणाआधी घेतो. पाच वर्षाच्या आतल्या पोराला एकदम अंधार झाला की भीती वाटते, दाराजवळची खुर्ची धरा आणि दिवे मालवायच्या आधीच कानात सांगा की आता रात्र होणार.

जेवणानंतर नवीन काही बघायचं नाही. प्रत्येकानं आपल्या आवडीच्या एकाच वस्तूकडं परत जायचं आणि बाकीच्यांना ती समजावून सांगायची. हे मला सगळ्यात जास्त आवडतं. धाकटीनं तिच्या बाबांना हाताची बॅटरी समजावताना "घाम पाहिजे, घाम नसला तर चालत नाही" असं इतकं गंभीरपणे सांगितलं की शेजारचं कुटुंब पण थांबून ऐकत होतं.

विक्रीचं दुकान असेल तर लाईट लागणाऱ्या खेळण्यांना हात लावू नका. भिंग, दोन चांगले लोहचुंबक, नाहीतर काचेचा लोलक (प्रिझम), यातलं एक घ्या. वर्षभर पुरतं.

तीन-साडेतीनला निघा. संध्याकाळी मेट्रोत आणि स्वारगेटला ऑफिसची गर्दी होते, म्हातारं माणूस आणि झोपलेलं पोर घेऊन त्यात शिरू नका.

घरी आल्यावर, त्याच आठवड्यात

परत येताना "काय शिकलास" विचारू नका, मी विचारून बघितलंय, पोरं गप्प बसतात. "कुणाचा अंदाज जास्त चुकला" हे विचारा, शिरवळ येईस्तोवर भांडण चालतं.

आणि आठ दिवसाच्या आत घरी एक तरी वस्तू करायचीच. अरविंद गुप्तांच्या वेबसाईटवर शेकडो खेळणी फुकट आहेत, मराठीत पण, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्हची नळी एवढ्यावर होतात. चेंडूसाठी हेअर ड्रायर थंड हवेवर ठेवून वर टेबल टेनिसचा बॉल सोडा. स्टीलच्या डब्याचा प्रश्न आता परत काढा, आणि यावेळी उत्तर त्यांच्याकडून येऊ द्या.

शंकू आम्ही असा केला. प्लास्टिकची दोन सारखी नरसाळी घेतली, तोंडाला तोंड लावून सेलोटेपचे दोन वेढे मारले. पट्ट्यांच्या जागी माझ्या दोन लांब शिवणकामाच्या लाकडी पट्ट्या, एका टोकाला चिकटून आणि दुसऱ्या टोकाला वीतभर फाकवून, फाकलेल्या टोकाखाली एक वही. पहिल्यांदा जागचा हललाच नाही, उलट खाली आला. थोरल्यानं वही काढून पातळ वही लावली, पट्ट्या अजून थोड्या फाकवल्या, तरी नाही. मग मधलं टेप एका बाजूनं उचललेलं दिसलं, ते घासत होतं, नखानं दाबून बसवलं. आत्या पाटावर बसून बघत होत्या, म्हणाल्या, "आता सोड." सोडला, आणि गेला.